टीव्हीला नवं डोकं

अंतिम सामना संध्याकाळी होता आणि त्या घरात सकाळपासून कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. थोरलीने एका सोफ्याचं कव्हर उलट्या बाजूने शिवलं, उसवलं आणि पुन्हा उलट्याच बाजूने शिवलं. शेवटी तिने मशीनवर कापड टाकलं आणि जाहीर केलं, "आज दुकान बंद."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे ती सोफ्यांची आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिचा नवरा लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ होता. त्याने आज रजा टाकली होती. घरातलं तिसरं माणूस म्हणजे थोरलीची आई. ती त्यांच्याकडेच राहायची. आणि ज्या माणसापायी हा सगळा गोंधळ चालला होता ते माणूस घरात नव्हतंच. ती दूरच्या शहरात, स्टेडियमजवळच्या एका हॉटेलात बसली होती. आईची धाकटी मुलगी.

धाकटी लहानपणी तोंडात दोन बोटं घालून अशी शीळ घालायची, की रस्त्यावरची सायकल जागच्या जागी थांबायची. त्यावरून घरात तिचं नाव शिट्टी पडलं. पुढे ती फुटबॉलची पंच झाली तेव्हा आई म्हणाली होती, "चला, नाव वाया गेलं नाही." आज शिट्टी देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुख्य पंच होती. सामना पुरुषांचा. त्या स्पर्धेत मैदानाच्या मधोमध एक बाई शिट्टी घेऊन उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. सगळा देश पिवळ्यांसाठी नाहीतर निळ्यांसाठी जीव टाकत होता. या एका घरात मात्र कोण जिंकतंय याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

आदल्या दिवशी शिट्टीचा फोन आला होता.

"ताई, आईला दिसेल ना गं?"

आईच्या डोळ्यांचा पडदा काही वर्षांपासून खराब होत चालला होता. समोर पाहिलं की मधोमध धुकं, आणि कडेला मात्र बऱ्यापैकी दिसायचं. त्यामुळे टीव्ही बघताना ती तोंड खिडकीकडे करून बसायची. नवख्या माणसाला वाटायचं, या रुसल्यात की काय. फोनच्या पडद्यावर तिला काही म्हणजे काही दिसत नसे. म्हणून तर त्यांनी भिंतभर मोठा टीव्ही घेतला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण चित्र अजून काचेसारखं.

"दिसेल गं. अगदी पुढ्यात खुर्ची टाकते तिची."

"ऐक. पिवळे आणि निळे आहेत मैदानावर. मला दोन शर्ट दिलेत, एक काळा आणि एक नारिंगी. काळा सगळेच घालतात. मी नारिंगी घेतलाय. भडक आहे अगदी, पण आईला सापडायला बरं."

"भडकच घाल," थोरली म्हणाली.

तर दुपारी, हाताशी वेळ असताना सगळं नीट लागतंय ना ते बघावं, म्हणून नवऱ्याने टीव्ही चालू केला आणि खेळाचं ॲप उघडलं. सामना फक्त त्याच ॲपवर दिसणार होता. पडद्यावर नेहमीचं हिरवं मैदान यायच्या ऐवजी राखाडी चौकोन आला आणि त्यात अक्षरं उमटली.

"या टीव्हीवर हे ॲप यापुढे चालणार नाही," नवऱ्याने मोठ्याने वाचलं. "आजवरच्या सोबतीबद्दल आभार."

"काय?" थोरली आतून धावत आली.

"आभार मानतोय! वर तोंड करून आभार मानतोय!"

"बंद करून चालू करा."

त्याने बंद करून चालू केला. आभार तसेच. त्याने प्लग काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. आभार. मग तो सेटिंगमध्ये शिरला. टीव्हीचं सॉफ्टवेअर नवीन करून घ्यावं म्हटलं, तर टीव्ही म्हणाला, आपल्याकडे सर्वांत नवीन सॉफ्टवेअर आहे.

"बघा, तो म्हणतोय मी नवीन आहे," नवरा म्हणाला. "आणि ॲप म्हणतंय तू म्हातारा आहेस. आता खरं कुणाचं धरायचं?"

"मी त्या कंपनीला फोन लावते."

तिने लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, की जुन्या टीव्हींसाठी ॲप बनवणं त्यांनी या महिन्यापासून बंद केलंय आणि त्यांचाही नाइलाज आहे. तेवढ्यात नवऱ्याला शक्कल सुचली. ॲप काढून टाकायचं आणि पुन्हा नव्याने घ्यायचं. थोरली फोन ठेवून "थांबा थांबा" म्हणेपर्यंत त्याने ते पुसूनही टाकलं होतं. आणि टीव्हीच्या ॲपच्या दुकानात शोधलं तर ते ॲप तिथे नव्हतंच. आता आभार मानायलाही कुणी उरलं नाही.

"हात कशाला लावलात!" थोरली ओरडली.

"अगं, लिफ्ट अडकली की आम्ही हेच करतो!"

"ही लिफ्ट आहे का?"

फोनवरचं चित्र टीव्हीवर पाठवून पाहिलं. आवाज आला, जाहिरातसुद्धा आली, पण ॲप उघडल्याबरोबर पडदा काळाठिक्कर. ॲपने तीही वाट बंद करून ठेवली होती. टीव्हीतल्या ब्राउझरवर वेबसाइट उघडायला घेतली, तर एक गोल चक्र फिरत राहिलं. ते इतकं फिरलं, की आईने कडेने बघत विचारलं, "हे काय, पंखा का?"

नेमक्या त्याच वेळी दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आले होते. एका हातात घडीची खुर्ची, गळ्यात पिवळा मफलर. पिवळ्यांचे ते कट्टर भक्त. पिवळे हरले की दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात जायला पेशंट घाबरायचे म्हणे.

"वहिनी, एक विनंती आहे. सामना बघायला खाली येऊ का? आमच्या टीव्हीने दगा दिला. काहीतरी आभार वगैरे मानतोय."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि थोरलीला नको त्या वेळी हसू फुटलं. मग आठवलं. दोन्ही टीव्ही एकाच वेळी, एकाच दुकानातून, दोघांनी मिळून घासाघीस करून घेतले होते. जुळी भावंडंच ती. आजारही एकच.

"म्हणजे तुमच्याकडे जायचीही सोय नाही," नवरा म्हणाला आणि सोफ्यावर मटकन बसला. "संपलं. नवा टीव्ही घ्यावा लागणार. आत्ताच्या आत्ता. पण तो आणायचा कधी, भिंतीवर चढवायचा कधी?"

"या टीव्हीला काय धाड भरलीय?" आईने विचारलं. ती इतका वेळ गप्प बसून सगळं ऐकत होती. "चित्र तर दिसतं ना?"

"चित्र फर्स्ट क्लास आहे हो, आई. पण त्याला नवं ॲप झेपत नाही. आतलं डोकं जुनं झालंय."

"म्हणजे माझ्या बरोबर उलटं," आई म्हणाली. "माझं डोकं शाबूत आहे, डोळे गेले. याचे डोळे शाबूत आहेत, डोकं गेलंय. जावईबापू, मला नवे डोळे मिळत नाहीत. याला नवं डोकं मिळतं का बघा की."

नवरा ताडकन उठला.

"केबिन तीच, पॅनेल नवं!"

"काय?" दंतवैद्य दचकले.

"अहो, गेल्या वर्षी त्या जुन्या इमारतीच्या लिफ्टला आम्ही हेच केलं! केबिन चांगली होती, दोर चांगले होते. वरचं कंट्रोल पॅनेल तेवढं नवं बसवलं. लिफ्ट पळायला लागली! टीव्हीलाही तसलं मिळतं. ती छोटी कांडी असते ना, मागे खोचायची, आमच्या साहेबांनी दुकानातून आणलीय. ॲप सगळी त्या कांडीत. टीव्हीने फक्त चित्र दाखवायचं! आई, तुम्ही धन्य आहात!"

"ते नंतर. आधी आणा."

थोरलीने स्कूटरची किल्ली उचलली होती. "मी जाते. तुम्ही इथे राहा, पण कशाला हात लावू नका."

रस्ते तुडुंब होते. जो तो सामना सुरू व्हायच्या आत घर गाठायच्या घाईत. मोटारींच्या खिडक्यांतून पिवळे आणि निळे झेंडे बाहेर आले होते. सिग्नलला एका निळ्या टोपीवाल्याने तिला विचारलं, "ताई, आपण कुणाकडून?" ती म्हणाली, "पंचाकडून." सिग्नल सुटला तरी तो तिथेच तिच्याकडे बघत उभा.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती शिरली आणि दारातच थबकली. समोरची अख्खी भिंत टीव्हींनी भरलेली होती, आणि सगळ्यांवर एकच चित्र. स्टेडियम. सामन्याआधीचा कार्यक्रम. कॅमेरा मैदानावर वळला, आणि त्या भिंतीवर एकदम, लहान-मोठ्या सगळ्या पडद्यांवर, नारिंगी शर्ट घातलेली शिट्टी धावायला लागली. गुडघे उचलून, नजर जमिनीवर, ओठ घट्ट मिटलेले. परीक्षेला जाताना ती असंच तोंड करायची.

"ती माझी बहीण आहे!" थोरली शेजारी उभ्या असलेल्या विक्रेत्याला म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला होता. मिक्सर बघणारं एक जोडपंही वळलं.

"कोण, ती माइकवाली?"

"माइकवाली नाही हो, पंच! ती नारिंगी! माझी सख्खी धाकटी बहीण!"

विक्रेत्याने एकदा पडद्याकडे आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाक सारखंच होतं. त्याला पटलं. "मग मॅडम, अशा दिवशी टीव्हीही तसाच हवा. हा बघा, कालच आलाय, याच्यात गवताची पातीन् पाती..."

"टीव्ही नको. टीव्ही आहे. मला ती कांडी द्या, मागे खोचायची, जिच्यात सगळी ॲप चालतात. आणि तिच्यात हे खेळाचं ॲप चालायलाच हवं. चालतं का?"

"चालतं. मात्र टीव्ही जुना असेल तर त्याला एचडीएमआयची खाच आहे का बघावं लागेल."

थोरलीने घरी फोन लावला. टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसवलेला होता, की मागे नजर जाणं शक्य नव्हतं. पण नवऱ्याकडे कामाचा छोटा आरसा होता, लांब दांडीला लावलेला. लिफ्टच्या खाली-मागे तो त्यानेच बघायचा. त्याने बॅटरी दातांत धरली आणि आरसा टीव्हीमागे सरकवला.

"आहे, एक खाच आहे," तो बॅटरीतून बोलला. "वर लिहिलंय... आय. एम. डी. एच."

थोरलीने विक्रेत्याला सांगितलं. विक्रेत्याने डोकं हलवलं. "असं काही नसतं, मॅडम."

"अहो, असं काही नसतं म्हणतायत!"

"नसतं कसं? माझ्या डोळ्यांसमोर आहे! आय, एम, डी..."

मागून दंतवैद्यांचा आवाज आला. त्यांचा तर जन्म आरशात बघण्यात गेला होता. "अहो, आरशात वाचताय तुम्ही! उलटं वाचा, उलटं!"

नवरा म्हणाला, "एच, डी, एम, आय. आहे आहे आहे! घेऊन ये!"

विक्रेता हसता हसता कांडी काढून द्यायला पळाला. "आणि मॅडम, खोक्यात एक आखूड वायर आहे, ती टाकू नका. टीव्ही भिंतीला चिकटलेला असला की कांडी सरळ बसत नाही, मध्ये ती वायर लावायची. आणि वीज भिंतीच्या प्लगमधूनच घ्या, टीव्हीतून नको. जुना टीव्ही तेवढी वीज देत नाही, मग कांडी सारखी बंद पडते." पैसे देऊन ती दाराबाहेर पडत होती तेव्हा त्याने मागून हाक मारली, "बहिणीला सांगा, मी निळ्यांचा आहे!"

"तिला सांगून काही उपयोग नाही!" ती ओरडली आणि स्कूटर सुरू केली.

ती घरात शिरली तेव्हा नवरा टीव्हीखाली उताणा पडला होता आणि दंतवैद्य त्याच्या डोक्यावर दिवा धरून उभे होते, अगदी दवाखान्यात धरतात तसा. खोकं फाडलं. आखूड वायर लागली, कांडी बसली, प्लग भिंतीत गेला. टीव्हीच्या रिमोटने चित्राचा मार्ग बदलला, आणि काळ्या पडद्यावर एक निळा ठिपका उजळून फुलासारखा उमलला.

"आलं!" तिघं एकदम.

"सामना?" आईने विचारलं.

"नाही, अजून नुसतं नमस्कार म्हणतंय. आता वायफायचा पासवर्ड मागतंय."

पासवर्ड. नवऱ्याने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने नवऱ्याकडे.

"तुम्हीच ठेवला होतात."

"मीच ठेवला होता, पण काय ठेवला होता?"

त्याने लग्नाची तारीख घातली. चूक. कंपनीचं नाव घातलं. चूक. थोरली म्हणाली, "लग्नाची तारीख तरी बरोबर घातलीत का?" यावर वाद पेटणार, तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"लिफ्ट बंद आहे."

"काय, आई?"

"लिफ्ट बंद आहे. इंग्रजी अक्षरांत, सगळं एकात एक जोडून. पहिलं अक्षर मोठं. शेवटी दोन शून्यं. वायफाय बसवायला तो माणूस आला होता, तेव्हा जावईबापू मोठमोठ्याने त्याला सांगत होते. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. दंतवैद्यांनी आईला वाकून सलाम ठोकला. तिला तो दिसला नाही, पण तिने मान हलवून स्वीकारला.

आता कांडी म्हणाली, थांबा, मी आधी स्वतःला अद्ययावत करून घेते. पडद्यावर एक बारीक पट्टी आली आणि गोगलगायीच्या चालीने सरकायला लागली. नवऱ्याने नखं खायला सुरुवात केली. दंतवैद्य "दात झिजतात" म्हणाले आणि स्वतःचीच कुरतडू लागले. थोरलीने फोनवर सामना लावला. दोन्ही संघ रांगेने मैदानात येत होते. तिने फोन आईच्या कानाशी धरला.

"काय चाललंय?"

"गर्दी ओरडतेय... आता सगळे आपापल्या जागी... शिट्टी मध्ये उभी आहे, आई. घड्याळ बघतेय."

फोनमधून ती बारीक आवाजात ऐकू आली. एक लांब फुंकर, शेवटी किंचित वर गेलेली.

"तीच," आई म्हणाली. "शेवटी वर नेते ती. लहान असल्यापासून."

सामना सुरू झाला होता आणि पट्टी अर्ध्यावरच होती. थोरली पट्टीशी बोलायला लागली, "चल गं बाई, चल." पट्टी भरली. पडदा विझला. पडदा पुन्हा पेटला आणि त्यावर ॲपची रंगीत घरं मांडून आली. नवऱ्याने खेळाचं ॲप उतरवून घेतलं, थोरलीने पडद्यावरचा कोड फोनवर टाकला, आणि...

हिरवं. भिंतभर हिरवंगार मैदान. त्यावर पिवळे आणि निळे ठिपके पळत होते. आवाज इतका मोठा आला, की दंतवैद्यांची घडीची खुर्ची मिटली आणि ते खाली बसले. कुणी लक्ष दिलं नाही. सगळे आईकडे बघत होते.

आईने खुर्ची पुढे ओढली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडदा शोधायला लागली. पिवळं. निळं. निळं. पिवळं. मग तिचं बोट वर आलं आणि हळूहळू उजवीकडे सरकायला लागलं. पडद्यावर नारिंगी ठिपका धावत होता, त्याच्याबरोबर. ठिपका थांबला, बोट थांबलं. ठिपका मागे वळला, बोट मागे वळलं.

"ही," आई म्हणाली. "ही बघ माझी पोर. केवढी पळते गं!"

थोरलीने तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला. नवरा उगाचच टीव्हीची वायर तपासायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

सामना अटीतटीचा झाला. आधी निळ्यांनी गोल केला, मग पिवळ्यांनी फेडला. दंतवैद्य उड्या मारत होते. बाकीचे तिघं वेगळाच सामना बघत होते. दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले आणि शिट्टी, दोघांच्या खांद्याएवढी, मध्ये घुसून दोघांना दोन दिशांना पाठवती झाली, तेव्हा या घरात गोल झाल्यासारख्या टाळ्या पडल्या. "शाब्बास!" नवरा ओरडला. "मेहुणी कुणाची आहे!"

आणि मग अगदी शेवटी, बरोबरी असताना, पिवळ्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन निळ्यांच्या गोलासमोर शिरला. निळा बचावपटू आडवा आला. पिवळा हवेत उडाला, आपटला, लोळला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पेनल्टी! पेनल्टी! पिवळे खेळाडू हात पसरून शिट्टीच्या अंगावर धावून आले.

शिट्टीने मान हलवली. नाही. मग खिशात हात घातला, कार्ड काढलं आणि ते दाखवलं पडलेल्या त्या पिवळ्यालाच. नाटक केल्याबद्दल.

स्टेडियममध्ये असा काही गदारोळ उठला, की भिंत थरथरली. आणि दंतवैद्यांचं भान सुटलं. ते कुठे बसलेत, कुणाकडे आलेत, सगळं विसरून ते मफलर फेकून किंचाळले, "पंच आंधळी आहे का!"

आईने खिडकीकडचं तोंड सावकाश त्यांच्या दिशेला वळवलं. "नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "आंधळी मी आहे. पंच माझी मुलगी आहे."

दंतवैद्यांचे कान लाल झाले. ते काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात पडद्यावर तोच प्रसंग संथ गतीने पुन्हा दाखवायला लागले. सगळे पुढे झुकले. पिवळ्याचा पाय. निळ्याचा पाय. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. स्पर्श नाहीच. पिवळ्याचा उजवा पाय त्याच्याच डाव्या टाचेत अडकला, आणि मग त्याने स्वतःहून सुंदर झेप घेतली.

"काय दिसतंय? मला सांगा कुणीतरी!" आई.

नवरा तोंड उघडणार, तर दंतवैद्यांनी त्याला हाताने थांबवलं. "मी सांगतो," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "हात लावला नाही कुणी. आमचा गडी स्वतःच्याच पायात अडकला. तुमच्या मुलीने जे पाहिलं, ते तिथल्या इतक्या हजारो लोकांत आणि इथे माझ्यासारख्या शहाण्यात कुणालाही दिसलं नाही."

थोरली उभी राहिली. तिला कळेना हसावं, रडावं की नाचावं. तिने सोफ्यावरची उशी उचलली आणि नवऱ्याच्या डोक्यात हाणली. "बघितलंत! बघितलंत का!" नवऱ्याने ती उशी दंतवैद्यांना हाणली, आणि दंतवैद्यांनी ती निमूट पोटाशी धरून ठेवली.

जादा वेळेत निळे जिंकले. कसे, ते त्या घरात फक्त दंतवैद्यांना माहीत. बाकीच्यांना आठवते ती शेवटची फुंकर, शेवटी वर गेलेली, आणि त्यानंतर हरलेल्या पिवळ्यांच्या कर्णधाराने चालत येऊन शिट्टीशी हस्तांदोलन केलं ते.

बऱ्याच वेळाने तिचा फोन आला. मागे नळ वाहत असल्याचा आवाज.

"ताई! झालं! झालं गं! ती पेनल्टी... मी बरोबर होते ना? टीव्हीवर दाखवलं का? मला अजून कुणी काही सांगितलेलंच नाही!"

"दाखवलं! वीतभर लांब होता! वीतभर! वरचे डॉक्टर पिवळे असून कबूल झाले!"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि मग शिट्टी इतकी मोठ्याने हसली, की फोन फुटतो की काय वाटलं. "आई? आईला दिसले का मी?"

थोरलीने फोन आईकडे दिला. आईने तो दोन्ही हातांनी धरला. "दिसलीस. पहिल्यापासून दिसलीस असं नाही म्हणणार, थोडं चुकलं. पण मग सोडलं नाही तुला. तू डावीकडून फार पळतेस, उजवीकडे कमी येतेस. का गं?"

"आई!" शिट्टी किंचाळली. "हेच आमचे परीक्षक म्हणतात!"

त्यानंतर त्या टीव्हीला नवे दिवस आले. दंतवैद्यांनी दुसऱ्याच दिवशी तशीच कांडी आणली आणि खाली येऊन मानाने विचारलं, "जावईबापू, तुमचा तो आरसा देता का?" नवऱ्याने वर जाऊन ती स्वतःच बसवून दिली, आणि या वेळी खाच बरोबर वाचली.

आणि आईला एक भलताच शोध लागला. कांडीबरोबर आलेल्या रिमोटवर एक वर आलेलं बटण होतं, बोटाला लागेल असं. ते दाबून बोललं की टीव्ही ऐकायचा. अक्षरं वाचायला नकोत, याद्या शोधायला नकोत. आपण बोलतो तसं बोललं तरी त्याला कळायचं. आजवर काहीही लावायचं म्हणजे आई थोरलीला हाक मारायची आणि थोरलीचं मशीनवरचं काम संपेपर्यंत वाट बघायची. आता रिमोट तिच्या मांडीवरून हलेना. पहिले काही दिवस ती त्याच्याशी परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "अहो, जरा तो अंतिम सामना लावता का?" मग ओळख वाढली.

थोरली पुढच्या खोलीत कव्हर शिवत असली की आतून आवाज यायचा.

"ए, मागे घे जरा. अजून मागे. हां. आता जिथे ती कार्ड काढते ना, तिथे थांब."